रिकाम्या पेटीचं वजन: गुंतलेल्या डेटाची मेमरी मोजायची कशी

मे महिन्यात देवगडात रात्री अकराला फोन वाजला की समजायचं, एकतर टेम्पो फोंडाघाटात बंद पडलाय नाहीतर कुणाची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) निघाली नाही. त्या वर्षी सलग तीन रात्री दुसरं कारण होतं. आमच्या भागातल्या २१२ बागायतदारांचा हापूसचा हिशेब मी लिहिलेल्या पायथन प्रोग्रॅमवर चालतो: कुणाची कितवी पेटी, किती डझनी, वाशीला गेली की कोल्हापूरला, काय दर लागला. प्रोग्रॅम चालतो भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर, ५१२ एमबी रॅमच्या. रात्री पट्ट्या काढायला घेतल्या की मध्येच तो गप्प व्हायचा. लिनक्सच्या लॉगमध्ये एवढीच ओळ: मेमरी संपली, प्रक्रिया मारली.

मी आधी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. पायथनच्या सिस मॉड्यूलमधलं गेटसाइझऑफ (वस्तू किती बाइट घेते ते सांगणारं फंक्शन) मुख्य डिक्शनरीवर, म्हणजे बागायतदारवार सगळ्या नोंदी ठेवणाऱ्या रचनेवर, चालवलं. (फंक्शनांची नावं इथे देवनागरीतच लिहितेय, स्पेलिंग तुम्हाला ठाऊक आहे.) उत्तर आलं ६,५७६ बाइट. जेवताना मी म्हटलं, सगळा हंगाम साडेसहा हजार बाइटांत बसतोय, मग मेमरी खातंय कोण? सासऱ्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही, पण पेट्या त्यांनी आयुष्यभर भरल्यात. ते म्हणाले, "गो, रिकामी पेटी काट्यार ठेवून आंब्याचा वजन कसा गावतला?"

नेमकं तेच झालं होतं. मी फक्त धडा केला होता, म्हणजे रिकाम्या पेटीचं वजन धरलं होतं, माल तोललाच नव्हता.

गेटसाइझऑफ काय तोलतं

डिक्शनरी किंवा लिस्ट ही पेटी आहे खरी, पण तिच्यात आंबे नसतात, चिठ्ठ्या असतात. प्रत्येक चिठ्ठी ८ बाइटांची, आणि तिच्यावर एवढंच लिहिलेलं की आंबा मांगरात (बागेतल्या कोठीत) कुठल्या कोपऱ्यात आहे. गेटसाइझऑफ पेटी आणि चिठ्ठ्या तोलतं, चिठ्ठीमागे जात नाही. हा त्याचा दोष नव्हे, पायथनच्या कागदपत्रांत तसं स्वच्छ लिहिलंय. म्हणून २१२ की (ज्या नावाखाली माहिती ठेवतात ती 'की', इथे दर बागायतदाराला एक) असलेली डिक्शनरी ६,५७६ बाइटांचीच राहते, मग प्रत्येक कीखाली एक नोंद असो की हजार.

पुढचे सगळे आकडे ६४ बिटी मशीनवरच्या पायथन ३.१२ चे आहेत. तुमची आवृत्ती दुसरी असेल तर ते जसेच्या तसे घेऊ नका. 'वाशी' हा शब्द ३.११ मध्ये ८२ बाइट घेतो आणि ३.१२ मध्ये ६६.

चिठ्ठीमागे जाणारा मोजणारा

तयार साधनं आहेत, पिंपलर या लायब्ररीतलं एसाइझऑफ चांगलं आहे. तरी एकदा स्वतः लिहून पाहाच, कारण कुठे फसायला होतं ते लिहिल्याशिवाय समजत नाही. सांगाडा असा:

    मोजा(मूळ):
        पाहिलेले = रिकामी डिक्शनरी
        ढीग = [मूळ]
        एकूण = ०
        ढीग संपेपर्यंत:
            वस्तू = ढिगावरची वरची उचला
            क्लास, मॉड्यूल, फंक्शन असेल तर सोडा
            ओळख(वस्तू) पाहिलेल्यांत असेल तर सोडा
            पाहिलेले[ओळख(वस्तू)] = वस्तू
            एकूण += गेटसाइझऑफ(वस्तू)
            डिक्शनरी असेल: की आणि व्हॅल्यू दोन्ही ढिगात
            लिस्ट, टपल, सेट असेल: आतलं सगळं ढिगात
            आपल्या क्लासची असेल: तिचे गुणधर्म ढिगात
        एकूण परत द्या

"पाहिलेले" कशाला? एक तर एकच वस्तू दहा ठिकाणांहून चिठ्ठीने जोडलेली असली तरी ती मांगरात एकदाच असते. दुसरं, बागायतदाराच्या नोंदीत त्याच्या गावाची चिठ्ठी आणि गावाच्या नोंदीत बागायतदाराची, असं वर्तुळ असेल तर हा पहारा नसताना मोजणारा गोल गोल फिरत बसेल.

पाहिलेल्यांत नुसता ओळखक्रमांक न ठेवता वस्तूही धरून ठेवलीय, ते मुद्दाम. पायथनमध्ये ओळखक्रमांक म्हणजे मेमरीतला पत्ता. मोजता मोजता एखादी तात्पुरती वस्तू तयार झाली आणि लगेच नष्ट झाली, तर त्याच पत्त्यावर पुढची वस्तू येऊन बसते. मोजणारा म्हणतो, हिला मी पाहिलंय, आणि सोडून देतो. मी यात एक अख्खी दुपार घालवली. आकडा दर खेपेला वेगळा यायचा, तोही कमीच.

स्ट्रिंगच्या (म्हणजे मजकुराच्या) आत शिरू नका. स्ट्रिंगमधलं अक्षरही स्ट्रिंगच, त्या अक्षरातलं अक्षरही स्ट्रिंग. आणि फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याऐवजी वरच्यासारखा ढीग वापरा, कारण पायथनची रिकर्जनची मर्यादा मुळात १००० आहे. खोल साखळी असली की मोजणाराच आधी कोसळतो.

क्लास सोडायला विसरलात तर एका वस्तूवरून तिचा क्लास, तिथून मॉड्यूल, तिथून अर्धा पायथन तुमच्या आंब्याच्या खात्यावर चढेल. स्लॉट्सवाले (गुणधर्मांची नावं आधीच ठरवून दिलेले) क्लास असतील तर त्यांचे गुणधर्म डंडर-डिक्टमध्ये, म्हणजे वस्तूच्या गुणधर्मांच्या आतल्या डिक्शनरीत, मिळत नाहीत, स्लॉटची नावं घेऊन एकेक काढावे लागतात. आणि साध्या क्लासच्या वस्तूला ३.११ पासून डंडर-डिक्ट मागितल्यावरच तयार होतो. म्हणजे मोजायला गेलात की मेमरी थोडी वाढते! मासळी बाजारात सुरमई ताजी आहे का म्हणून दाबून दाबून बघणारी माणसं असतात, तशातली गत.

एका नोंदीचा हिशेब हाताने

मोजणाऱ्यावर लगेच विश्वास टाकू नका. एक नोंद घ्या आणि कागदावर मांडा. माझ्या नोंदीत पाच की होत्या: तारीख, क्रमांक, डझन, दर, बाजार.

पाच कींची डिक्शनरी १८४ बाइट. तारीख इंग्रजी आकड्यांत, दहा अक्षरं: ४१ अधिक १०, म्हणजे ५१. क्रमांक हा पूर्णांक, २८. दर दशांश अपूर्णांक, २४. 'वाशी' ६६. डझन फुकट, कारण -५ ते २५६ हे पूर्णांक पायथन एकदाच बनवून ठेवतो आणि सगळ्यांना त्याच्याच चिठ्ठ्या देतो. बेरीज ३५३. नोंदी १,२०,००० धरा, झाले ४,२३,६०,००० बाइट, म्हणजे ४०.४ एमबी. (एमबी म्हणजे इथे १०,४८,५७६ बाइट. दहा लाखाने भागणारेही असतात. कशाने भागलंत ते लिहा, म्हणजे वाद नको.)

'वाशी' चारच अक्षरांचं, मग ६६ कसे? ३.१२ मध्ये देवनागरी स्ट्रिंगला ५८ बाइटांचं बूड असतं, वर प्रत्येक अक्षरचिन्हाला २. काना, वेलांटी, अनुस्वार सगळी वेगळी चिन्हं: व, काना, श, वेलांटी, झाली चार. 'कोल्हापूर' नऊ चिन्हांचं, ७६ बाइट. फाइलमध्ये यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत हेच चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे फाइलच्या आकारावरून मेमरीचा अंदाज बांधू नका. गणित दोन्हीकडे वेगळं आहे.

आता भावजींची गंमत. माझे दीर व्यापार बघतात. हंगामाच्या मध्यात ते म्हणाले, वहिनी, एक 'शेरा' रकाना टाक, डागी माल वगैरे लिहायला. मी टाकला. बहुतेक नोंदींत तो रिकामाच, आणि रिकामी स्ट्रिंग सगळ्या प्रोग्रॅमला मिळून एकच असते. मग खर्च काय? पाच कींपर्यंत डिक्शनरी १८४ बाइट, सहावी आली की थेट २७२. पायथन पेटी एकेका आंब्याने वाढवत नाही, पुढच्या मापाची पेटीच आणतो, तीत दहा की मावतात. एका रिकाम्या रकान्यापायी नोंदीमागे ८८ बाइट, सगळ्या मिळून १० एमबी. नोंद झाली ४४१ बाइटांची, डेटा ५०.५ एमबी, वर लिस्टांमधल्या चिठ्ठ्यांचा साधारण एक एमबी.

कींचा खर्च मी धरला नाही, कारण सगळी फाइल एका दमात वाचली तर पायथनचं जेसन मॉड्यूल (जेसन म्हणजे डेटा मजकुराच्या रूपात फाइलमध्ये ठेवायची पद्धत) तीच ती की एकदाच बनवतं. पण ओळीगणिक एक नोंद अशी फाइल असेल आणि तुम्ही प्रत्येक ओळ वेगळी वाचत असाल, तर ती आठवण दर ओळीला पुसली जाते. पाच मराठी कींचे ३३४ बाइट दर नोंदीला पुन्हा. हे मोजणाऱ्याशिवाय मला कधीच दिसलं नसतं.

सामाईक विहीर कुणाच्या सातबाऱ्यावर

खरा चोर सापडला तो इथे. प्रोग्रॅममध्ये 'मागे जा' अशी सोय होती. प्रत्येक मोठ्या बदलाआधी मी सगळ्या डेटाची डीपकॉपी (आतल्या सगळ्यासकट नक्कल) काढून ठेवत होते. मूळ धरून दहा प्रती. प्रत्येक प्रत मोजणाऱ्याला वेगळी दिली, तर दर वेळी सुमारे ५१.४ एमबी. दहांचे ५१४. पण ५१२ च्या मशीनवर ५१४ चा डेटा असता तर प्रोग्रॅम संध्याकाळीच मेला असता, रात्री अकरापर्यंत तगला नसता. म्हणजे बेरीज कुठेतरी चुकत होती.

डीपकॉपी नावाप्रमाणे खोल जाते, पण स्ट्रिंग आणि आकडे हे बदलता न येणारे प्रकार ती नव्याने बनवत नाही. नव्या पेट्या आणते, चिठ्ठ्या जुन्याच आंब्यांच्या. नोंदीमागे २७२ ची डिक्शनरी आणि लिस्टमधली ८ ची चिठ्ठी एवढंच प्रत्येक प्रतीचं स्वतःचं, म्हणजे ३२ एमबी. उरलेले १६९ बाइट दहाही प्रतींत सामाईक, १९.३ एमबी. दहा प्रती एकाच लिस्टमध्ये घालून मोजणारा एकदाच चालवला, तर ३४० च्या आसपास आलं.

आमच्याकडे दोन घरांत एक विहीर असते. दोन्ही घरं ती आपल्या मालमत्तेत सांगतात आणि दोघंही खोटं बोलत नसतात. फक्त गावातल्या विहिरी मोजताना घरोघरी विचारून बेरीज करायची नाही. मेमरीचा अहवाल देतानाही तसंच. मी तीन रकाने ठेवते:

स्वतःचं: ही शाखा काढून टाकली तर किती मेमरी खरोखर सुटेल. यासाठी सगळा डेटा एकदा त्या शाखेसकट मोजा, एकदा तिच्याशिवाय. फरक हे उत्तर.

पोचेल तेवढं: त्या शाखेतून चालत जाऊन जे जे भेटतं ते सगळं.

सामाईक: वरच्या दोहोंतला फरक.

एकाच फेरीत शाखावार आकडे काढायचा मोह होतो. तो टाळा. पाहिलेल्यांची यादी एकच असेल तर जी शाखा आधी येईल तिच्या माथी सगळी विहीर, आणि क्रम बदलला की आकडे बदलतात. मी असा तक्ता एकदा काढला होता, आणि त्यात नावाच्या अकारविल्हेने पहिल्या आलेल्या बागायतदाराचा डेटा सगळ्यांत जड निघाला. बिचाऱ्याच्या चाळीसच पेट्या होत्या.

सामाईक असणं चांगलंही असतं. तारीख आणि बाजार या स्ट्रिंग वाचतानाच एका छोट्या डिक्शनरीतून फिरवल्या, आधी आलीय तर तीच वापर असं केलं, की नोंदीमागे ११७ बाइट वाचतात. १३ एमबी, पाच ओळींच्या बदलात.

बेरीज आणि प्रत्यक्ष यात फरक राहणारच

मोजणाऱ्याचा आकडा आणि ऑपरेटिंग सिस्टिम दाखवते तो आकडा जुळत नाहीत. जुळलेच तर मला संशय येतो. ५१२ बाइटांपर्यंतच्या मागण्या पायथन १६ च्या पटीत देतो: ५१ मागितले तरी ६४, २४ चे ३२, ६६ चे ८०. माझी ४४१ ची नोंद प्रत्यक्षात ४८० खाते. ५०.५ चे ५५ एमबी तिथेच झाले. त्यात दुभाष्याचं (पायथन चालवणाऱ्या इंटरप्रिटरचं) स्वतःचं, लायब्ऱ्यांचं वेगळं.

डेटा डिलीट केला तरी सिस्टिमचा आकडा उतरेलच असं नाही. पायथन मोठे तुकडे घेतो (३.१० पासून १ एमबीचे, आधी २५६ केबीचे) आणि तुकडा पुरता रिकामा झाला तरच परत करतो. आढी उठली, पण कोपऱ्यात एक आंबा राहिला तरी खोली अडलेलीच.

यासाठी दुसरी दोन साधनं हाताशी ठेवा. ट्रेसमॅलॉक, ३.४ पासून पायथनसोबतच येतं. ते डेटाकडे न बघता कोडच्या कुठल्या ओळीने किती मागितलं ते सांगतं, आधीचा आणि नंतरचा स्नॅपशॉट ताडून देतं, आणि आत्ताचा व कमाल असे दोन्ही आकडे देतं. प्रोग्रॅम हळू होतो आणि ते स्वतःही मेमरी खातं, म्हणून हंगामात कायम चालू ठेवू नका. दुसरं, लिनक्सवर प्रक्रियेच्या स्टेटस फाइलमधले व्हीएमआरएसएस आणि व्हीएमएचडब्ल्यूएम: पहिला आत्ताचा, दुसरा आजवरचा सर्वांत उंच. रिसोर्स मॉड्यूलमधूनही कमाल आकडा मिळतो, पण तो लिनक्सवर किलोबाइटमध्ये आणि मॅकवर बाइटमध्ये येतो. पुण्याहून सुट्टीला आलेल्या पुतण्याने त्याच्या मॅकवर चाचणी घेऊन "काकी, हा तर ९० जीबी घेतोय" म्हणून मला हाक मारली, ती यातूनच.

कमाल आकडा विसरू नका

सर्व्हर मरतो तो सर्वांत उंच क्षणी. माझ्या बाबतीत तो क्षण फाइल वाचतानाचा होता. जेसनचं लोड फंक्शन आधी सगळी फाइल एकच स्ट्रिंग म्हणून उचलतं. नोंदीला साधारण १०० अक्षरं धरली तर १ कोटी २० लाख अक्षरं. त्यात एक जरी देवनागरी अक्षर असलं तरी सगळी स्ट्रिंग अक्षरामागे २ बाइटांची होते, कंस, स्वल्पविराम, आकडे धरून. २३ एमबी. आणि एका संध्याकाळी भावजींनी शेऱ्यात आंब्याचं इमोजी टाकलं. इमोजीला ४ बाइट लागतात, आणि पायथन एका स्ट्रिंगमध्ये मिश्र मापं ठेवत नाही. एका आंब्यापायी अख्खी फाइल ४ च्या मापाने, ४६ एमबी. वाचून झालं की ही स्ट्रिंग जाते, त्यामुळे नंतर कितीही मोजलंत तरी ती दिसत नाही. कमाल आकड्यातच दिसते. (फाइल लिहिताना मराठी अक्षरं जशीच्या तशी ठेवलेली असतील तरच हे. जेसनच्या मूळ सवयीप्रमाणे ती एस्केप होऊन (सांकेतिक रूपात) गेली, तर फाइलचा मजकूर साधा इंग्रजी चिन्हांचाच राहतो.)

डीपकॉपीलाही असा उंच क्षण असतो. काय काय नकललं याची वही ती काम संपेपर्यंत जवळ बाळगते.

दहा प्रती मी शेवटी काढून टाकल्या आणि फक्त झालेला बदल लिहून ठेवायला लागले. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही, मुळात तसंच करायला हवं होतं.

दुसऱ्या साधनांबद्दल दोन शब्द

पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीत मेमरी-यूसेजला डीप सांगितलं नाही तर ऑब्जेक्ट प्रकारच्या रकान्यात फक्त चिठ्ठ्या मोजल्या जातात. डीप सांगितलं तर सामाईक स्ट्रिंग प्रत्येक ओळीला नव्याने मोजली जाते. एक आकडा कमी, एक जास्त. नमपाय या आकड्यांच्या लायब्ररीत ॲरेच्या (आकड्यांच्या रांगेच्या) तुकड्याला एनबाइट्स विचारलं तर तुकड्यापुरतंच सांगतं, पण तो तुकडा जिवंत आहे तोवर मागचा पूर्ण ॲरे धरून ठेवतो. जावास्क्रिप्टवाल्यांना क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये शॅलो आणि रिटेन्ड असे दोन रकाने दिसतात. शॅलो म्हणजे धडा, रिटेन्ड म्हणजे माझा 'स्वतःचं' रकाना.

अहवालात काय लिहायचं

आता रोज रात्री पट्ट्या निघाल्या की प्रोग्रॅम लॉगमध्ये एक नोंद करतो: पायथनची आवृत्ती, नोंदींची संख्या, डेटाची बेरीज, नोंदीमागे बाइट, सिस्टिमचा आत्ताचा आणि कमाल आकडा, आणि मोजणीत काय धरलं नाही (क्लास, मॉड्यूल, १६ च्या पटीची भर). यातला नोंदीमागचा आकडा सर्वांत कामाचा. एकूण आकडा हंगामात वाढणारच, पण नोंदीमागचा उडी मारून वाढला तर त्या दिवशी कोडमध्ये किंवा डेटात काहीतरी शिरलं. दशांश दोनच ठेवा. 'सुमारे' हा शब्द वापरायला लाजू नका.

या हंगामात नोंदीत नऊ की आहेत, दहावी भावजींना हवीय. दहावीपर्यंत २७२ च, अकरावीला ४६४ होतील, हे मी त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "मग वहिनी, पुढचं मी शेऱ्यातच लिहीन." मी म्हटलं, लिहा की, शेऱ्याला ५८ बाइट आणि वर अक्षरामागे दोन. "आणि इमोजी?" म्हणाले. मी फोन ठेवला.